कानातली पावली

माझ्या भावासाठी आईनं भीक मागितली होती. माझ्यासाठी मागितली नाही. लहानपणी या एका गोष्टीवरून मी किती वेळा रुसले असेन याला गणती नाही.

आमच्या घरात आधी दोन मुलगे झाले आणि दोन्ही पाचवी पुजायच्या आत गेले. तिसरा माझा भाऊ. तो झाला तेव्हा सुईणीनं आईला सांगितलं, की हा राहायला हवा असेल तर याला भिकेचा कर. रेवसच्या आसपासच्या आमच्या गावांत तेव्हा ही रीत होती. आईनं बाळ पदराखाली घ्यायचं आणि पाच जातींच्या पाच घरांपुढं जाऊन उभं राहायचं. तोंडानं काही मागायचं नाही, फक्त पदर पसरायचा. पडेल ते नाणं घ्यायचं. त्यातलं चांदीचं एक सोनाराकडे नेऊन, तेच ठोकून, त्याचीच बाळी पोराच्या कानात घालायची. दुकानातली चांदी चालायची नाही, कुणाची मोडलेली बाळीही चालायची नाही. पदरात पडलं तेच कानात. पोर असं भिकेचं झालं की मृत्यूला त्याच्यात काही गोडी राहत नाही, अशी समजूत. आणि आणखी एक नेम होता. पुढं आयुष्यात कुणी बाळीबद्दल विचारलं, तर भिकेची आहे म्हणून खरं सांगायचं. लपवली की भीक वाया.

चार घरांत आईला तांब्याचे पैसे पडले. पाचवं घर बंदरावरच्या मुसलमान नाखवाचं. त्याची गलबतं मंगलोरापर्यंत जायची. त्या घरातली मोठी बाई तेव्हा चाळिशीला आली होती. तिनं आईला ओटीवर बसवलं, पोराचं तोंड पाहिलं, आत गेली आणि चार आण्यांची चांदीची पावली आणून पदरात टाकली. त्यांच्यातही प्रवासाला निघालेल्याच्या दंडावर कापडात नाणं बांधतात, त्यामुळं तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. त्या पावलीची सोनारानं तार काढली आणि तीन वेढ्यांची बाळी केली. भाऊ वाढत गेला तसा एकेक वेढा सैल करत गेले.

मी त्याच्या पाठीवर पाच वर्षांनी झाले. माझे कान बाभळीच्या काट्यानं टोचले आणि त्यात कडुनिंबाची काडी घातली. बस, एवढंच. आई भावाच्या कानाला हात लावून बाळी जागेवर आहे ना हे रोज बघायची, सकाळी एकदा आणि दिवेलागणीला एकदा. माझ्या कानाला ती फक्त पिळायला हात लावायची. मी एकदा तिला विचारलंही होतं, की माझ्यासाठी का नाही गेलीस पाच घरांना. ती भात कांडत होती. मुसळ न थांबवता म्हणाली, पोरीसाठी कोण भीक मागतं. ते तिनं रागानं म्हटलं नव्हतं, म्हणून जास्त लागलं.

वडील मी सात वर्षांची असताना गेले. त्यानंतर दोन पावसाळ्यांनी खाडीचा बांध फुटला आणि आमच्या शेतात खारं पाणी शिरलं. खारं पाणी एकदा शिरलं की ती जमीन काही वर्षं भाताचं नाव घेत नाही. भाऊ मिठागरात जाऊ लागला, पण त्यावर तीन माणसांचं भागेना. स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या वर्षी गावातल्या एका मुकादमानं त्याला मुंबईला नेलं आणि टांकसाळीत लावून दिलं.

टांकसाळ म्हणजे काय हे आमच्या गावाला नीट ठाऊक नव्हतं, पण पैसे तिथं तयार होतात एवढं ठाऊक होतं आणि तेवढं पुरे होतं. भाऊ पहिल्यांदा सुट्टीवर येणार म्हटल्यावर धक्क्यावर ही गर्दी. कुणी म्हणे सदरा झटक बघू, कुणी म्हणे याच्या नखांतच आठ आणे निघतील. तो हसत होता. आई त्याच्याजवळ गेली, तिनं आधी त्याच्या कानाला हात लावला, मग त्याच्या हातातली पिशवी घेतली.

मी तेव्हा पंधरा वर्षांची होते आणि माझी नजर वाईट होती, वाईट म्हणजे चोखंदळ. ज्या वस्तूचा आपल्याला मत्सर असतो ती आपल्याला पाठ असते. दुसऱ्या दिवशी तो विहिरीवर अंघोळ करत असताना मी जवळून पाहिलं आणि मला कळलं की ही ती बाळी नाही. हिची तार जाड होती आणि गाठ उलट्या बाजूला होती. मी तसं म्हटल्यावर त्यानं बादली खाली ठेवली आणि मला विहिरीमागं नेलं.

त्यानं सांगितलं ते असं. टांकसाळीत आत जाताना अंगावरचे कपडे उतरवावे लागतात आणि तिथले घालावे लागतात. धातूची कुठलीही वस्तू आत न्यायची नाही. बाहेर येताना झडती. पहिल्या दिवशी दारावरच्या कारकुनानं याच्या कानाकडे बोट करून विचारलं, हे कशाचं. आता तिथं नुसतं चांदीची बाळी म्हणाला असता तर कारकून म्हणाला असता, काढून घरी ठेवून ये. पण यानं आईचा नेम पाळला. विचारलं तर खरं सांगायचं. हा म्हणाला, भिकेची आहे, सरकारच्याच पावलीची. कारकुनानं मान वर केली. तो माणूस वाईट नव्हता, भाऊ पुन्हा पुन्हा सांगत होता. तो म्हणाला, अरे, असं बोलू नये इथं. पण बोललास, चार जणांनी ऐकलं. मोडलेलं नाणं या दारात आलं की परत जात नाही. आता एक तर ही जमा कर आणि आत जा, नाही तर मी पाहिलं नाही, ही घेऊन गावी जा आणि परत येऊ नको.

भावानं मला विचारलं, तू काय केलं असतंस. घरात आम्ही दोघी होतो आणि शेतात मीठ फुललं होतं. त्यानं बाळी कापून घेतली आणि तिथल्या मोडक्या नाण्यांच्या पेटीत स्वतःच्या हातानं टाकली. कानातली ही बाळी त्यानं मुंबईत एका फुटपाथवर घेतली होती, जर्मन सिल्व्हरची. ती खोलीवरच्या पेटीत असायची. गावी येताना लाँचमध्ये बसला की कानात घालायची, परत जाताना काढायची.

त्यानं मला शपथ घातली, की आईला कळता कामा नये. मी ती घेतली. खरं सांगायचं तर मला आनंद झाला. चौदा-पंधरा वर्षं जी वस्तू आमच्या दोघांमध्ये उभी होती ती गेली होती आणि तिच्या जागी एक गुपित आलं होतं, ज्यात मी होते आणि आई नव्हती. एवढ्याशा वयात माणूस किती दुष्ट असू शकतं.

त्यानंतरची नऊ वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली होती. तो महिन्या-दीड महिन्यानं यायचा. पावसाळ्यात लाँच बंद असायची तेव्हा नाहीच. आला की आम्ही दोघं बांधावर जाऊन बसायचो आणि मी त्याला टांकसाळीचं विचारायची. आई म्हणायची, हिला तिथं नोकरी लावून द्या.

तो भट्टीखात्यात होता. चांदीचं नाणं पाडणं तोवर थांबलं होतं. लढाईच्या काळात चांदी कमी कमी करत नेली होती आणि स्वातंत्र्याच्या सुमारास रुपया, अधेली, पावली सगळं निकेलचं झालं होतं. जुनी चांदीची नाणी मात्र देशभरातून पोत्यांनी परत येत होती. ती वितळवायची. तो सांगायचा, मूस लाल झाली की आत ओतायची, आणि राजाराणीचे चेहरे आधी घाम आल्यासारखे चमकतात, मग बसतात, मग नुसता रस. दुसरीकडे पट्ट्या लाटल्या जात, पट्ट्यांतून चकत्या पडत, चकत्यांवर ठसा बसे. काही वर्षं राजाचा ठसा तसाच चालला. मग प्रजासत्ताक झालं आणि सिंह आले. तो म्हणायचा, मी राजे वितळवले आणि सिंह निघताना पाहिले, अजून काय पाहिजे. पण हे तो थट्टेनं म्हणायचा. गंभीर होऊन त्यानं मला एकच गोष्ट सांगितली होती.

पोत्यांतून येणाऱ्या नाण्यांत भोकं पाडलेली असायची, आकडे जोडलेली असायची, म्हणजे बायकांच्या गळ्यांतली. कित्येकांच्या खाचांत हळद-कुंकू बसलेलं असायचं, म्हणजे देव्हाऱ्यातली. बाकीचे फावड्यानं सरळ ओतत. याला ते जमेना. जितकी दिसतील तितक्या नाण्यांवरचं कुंकू तो आधी अंगठ्यानं पुसून घ्यायचा. बरोबरचे हसायचे, मुकादम ओरडायचा, पण हा पुसायचाच. मी विचारलं, कशाला. तो म्हणाला, कुणाचं तरी गाऱ्हाणं त्यात असतं, ते जळू नये. मग थोड्या वेळानं म्हणाला, माझी पावली पण अशीच गेली असेल, कुणी बघितली पण नसेल.

माझं लग्न त्यानं केलं. खाडीपलीकडे करंज्याला दिलं, पण तो आला की मी होडीनं यायचीच. नवरा मिठानं भरलेल्या होड्या, पडाव, घेऊन जायचा, कधी खाडीतून, कधी बाहेरच्या समुद्रातून. माणूस चांगला, कमी बोलणारा, समुद्रावरून आला की पोटभर जेवून झोपणारा. भावाचं लग्न मात्र मागे पडत गेलं. आधी माझं, मग घराचं छप्पर, मग आईच्या डोळ्याचं ऑपरेशन. शेवटी नवे पैसे आले त्या वर्षी त्याची सोयरीक ठरली, येत्या वैशाखाला धरायची म्हणून.

नव्या पैशांनी टांकसाळीत धांदल उडवली होती. आणे, चवल्या, ढब्बू पैसे परत येणार आणि त्यांच्या जागी सगळं नवं पाडायचं. भाऊ महिनोन् महिने गावाकडे फिरकला नाही. एक चकचकीत नवा पैसा मात्र त्यानं कुणाबरोबर तरी माझ्यासाठी धाडला होता. तो इतका छोटा होता की माझा नवरा म्हणाला, हा पैसा आहे की सदऱ्याचं बटण.

त्या हिवाळ्यात भावाला कावीळ झाली. त्याच्या खोलीतला एक गाववाला त्याला लाँचमधून घेऊन आला, जवळजवळ उचलूनच. मला निरोप आला तशी मी होडीनं अलीकडे आले. नवरा तेव्हा पडाव घेऊन बाहेर गेला होता, पाच-सहा दिवसांनी यायचा होता.

मी घरात पाऊल टाकलं तेव्हा आई ओल्या फडक्यानं त्याचं तोंड पुसत होती. डोळे हळदीसारखे झाले होते. ती कपाळ पुसत, गाल पुसत कानापर्यंत आली आणि थांबली. कानात काही नव्हतं. ज्यानं त्याला आणलं त्या बिचाऱ्याला खोलीवरच्या पेटीतली ती खोटी बाळी काय ठाऊक.

आईनं त्याला विचारलं नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी इतकी वर्षं लबाडी केली होती, पण त्या नजरेपुढं माझी शपथ टिकली नाही. मी सगळं सांगून टाकलं, दारावरचा कारकून, मोडक्या नाण्यांची पेटी, जर्मन सिल्व्हर, सगळं.

"किती वर्सं झाली?" तिनं विचारलं.

"नऊ."

"म्हंजे नऊ वर्सं माझा पोर उघडा फिरला, आन् तुला ठावं व्हतं."

ती ओरडली नाही. त्यापेक्षा तिनं मला मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं फडकं पिळून वाळत टाकलं, लुगडं नीट केलं, पदर पुढं घेतला आणि निघाली. कुठं, हे मला दारातूनच समजलं. मी मागोमाग गेले.

पन्नाशी उलटलेली बाई, तीस वर्षांच्या मुलासाठी, भर सकाळी पाच घरांपुढं पदर पसरून उभी राहिली. मी तिच्या मागं दहा पावलांवर. आमच्या जातीच्या घरी, कोळ्यांच्या घरी, मिठागरवाल्यांच्या घरी, सुपारीच्या बागेच्या भटांच्या घरी. रीत अजून लोक विसरले नव्हते. कुणी काही विचारलं नाही, कुणी हसलं नाही. बागेतल्या वहिनी तर रडल्या. सगळ्यांनी हाताला आलं ते टाकलं, आणि हाताला जे येत होतं त्यात चांदीचं काही नव्हतं. आणे, नवे पैसे, निकेलची अधेली. चांदीचा रुपया घरोघर होता, नाही असं नाही. पण तो देव्हाऱ्यात होता, पेटीच्या तळाशी होता, तो कोण असा चटकन काढून देतो. आणि आईला मागता येत नव्हतं. तोंड उघडलं की भीक मोडते. मला दर दारात वाटत होतं की ओरडावं, अहो चांदी द्या, चांदी. मी दात दाबून उभी राहिले.

नाखवाच्या घरी आता नातसून होती. पावली देणारी ती बाई म्हातारी होऊन माडीवर पडून असायची, तिला दिसत नव्हतं. नातसुनेनं आईला पाहिलं, तिला कुणीतरी कधीतरी ती गोष्ट सांगितलेली असावी. ती आत गेली आणि मोठ्या मनानं पूर्ण रुपया घेऊन आली, कोरा करकरीत, सिंहाचा. पदरात टाकून म्हणाली, अल्ला त्याला शिफा देईल, बरं करील.

सोनारानं तो रुपया हातात घेतला आणि तसाच धरून राहिला. त्याच्याच बापानं पहिली बाळी केली होती. तो म्हणाला, "मावशी, हा निकेल हाय. माझ्या कोळशावर हा वितळायचा न्हाय, आन् ठोकला तर चिरंल. आता नाण्यात चांदी ऱ्हायलीच न्हाय कुठं." आईनं त्याच्यापुढं सगळा पदर सोडला. त्यानं एकेक नाणं उचलून पाहिलं आणि बाजूला ठेवलं. मग तो म्हणाला, माझ्याकडची गुंजभर चांदी घाला, मी काही घेणार नाही. आई म्हणाली, पदरात पडली नाही ती चालत नाही. तिनं रुपया तिथंच ठेवला, प्रयत्न कर म्हणाली, आणि घरी गेली.

मी मागं राहिले. मी काय करते आहे याचा मी फार विचार केला नाही, केला असता तर धीर झाला नसता. मी उंबऱ्यावर बसले आणि पायांतली जोडवी काढली. चांदीची, लग्नातली, सहा वर्षांत एकदाही न निघालेली. ती साबणाशिवाय निघेनात, बोटं सोलली. नवरा समुद्रावर असताना बाईनं जोडवी काढायची म्हणजे काय, हे आमच्याकडे शेंबड्या पोरीलाही ठाऊक असतं. सोनारानं हात मागं घेतला. म्हणाला, ताई, हे माझ्याकडून होणार नाही. मी त्याला म्हटलं, की तू न केलंस तर मी करंज्याच्या सोनाराकडे जाईन, त्यात एक दिवस जाईल आणि तो तुझ्यावर. मग त्यानं केलं. दुपारी बाळी तयार होती. आईला सांगायचं ठरलं, की रुपया कसाबसा वितळला. मी पायांच्या बोटांना लाल दोरा गुंडाळला आणि लुगडं खाली ओढून घेतलं.

आईनं बाळी हातात घेतली, उलटसुलट पाहिली, कपाळाला लावली आणि भावाच्या कानात घातली. जुनं भोक बुजलं नव्हतं. त्यानं डोळे उघडले. नऊ वर्षं धातूत काढलेला माणूस, त्याला काय निकेल आणि चांदी कळत नाही. त्यानं बोटानं बाळी चाचपली, मग माझ्या पायांकडे पाहिलं. मी पाय लुगड्यात घेतले. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. आईला वाटलं बाळी घालताना दुखलं.

अलिबागचे डॉक्टर येऊन गेले. काविळीचा झाडपाला देणारा येऊन गेला. दोन दिवस त्याला बरं वाटलं, पेज गेली, तो उठून बसला. आईच्या तोंडावर तेव्हा जे तेज होतं ते मी तिच्या तोंडावर पुन्हा पाहिलं नाही. मला स्वतःलाही वाटायला लागलं होतं, की हे लागू पडतंय.

तिसऱ्या दिवशी नाखवाची ती म्हातारी डोलीत बसून त्याला बघायला आली. तो आजारी आहे एवढंच तिला नातसुनेकडून कळलं होतं. तिला त्याच्या अंथरुणाशी बसवलं. तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला, दिसत नसल्यामुळं सगळं बोटांनीच पाहिलं, आणि कानाशी आल्यावर तिचं तोंड हसरं झालं.

"ही माझीच पावली ना रे?"

भावाला बोलायला त्रास होत होता. आई तिथंच होती, पाण्याचा तांब्या घेऊन. मी दारात होते. नुसतं व्हय म्हटलं असतं तर म्हातारी खूश झाली असती, आई खूश झाली असती. पण विचारलं तर खरं सांगायचं.

"न्हाय, चाची," तो म्हणाला. "ती सरकारात जमा झाली. ही माझ्या बहिणीची भीक हाय."

म्हातारी म्हणाली, बहिणीची पण चालते, अल्ला कबूल करतो. मला वाटलं, आईनं त्याचा अर्थ आपल्या परीनं लावला असेल, की बहीण बरोबर गेली होती वगैरे. ती तांब्या ठेवून चुलीकडे गेली.

त्यानंतर चार दिवसांनी तो गेला. सकाळची वेळ होती, आई त्याला पाणी पाजत होती आणि पाणी ओठांवरून परत आलं. माझा नवरा त्याच्या आदल्या दिवशी सुखरूप परत आला होता आणि तसाच तडक अलीकडे आला होता, म्हणून खांद्याला होता. मी त्याला म्हटलं, पाय सुजले म्हणून जोडवी काढली. त्यानं मान हलवली आणि पुढच्या फेरीत नवी आणली.

मी त्या बाळीबद्दल किती वर्षं मनात कुढले. ती पदरात पडलेली नव्हती म्हणून तो गेला का. मी असलं काही मानत नाही, तेव्हाही पुरतं मानत नव्हते. पण न मानणाऱ्या माणसालाही ते टोचतंच. मी खोटं केलं नसतं, आईला सांगून टाकलं असतं की रुपया वितळत नाही, तर ती आणखी पाच घरं फिरली असती, कुठंतरी चांदी पडली असती. हे मी कुणाशी बोलू शकत नव्हते. ज्याच्याशी बोलायची सवय होती तोच गेला होता.

आईला मी करंज्याला चल म्हणून सात वर्षं विनवलं. ती आली नाही. मग ती पडली, तेव्हा मीच अलीकडे येऊन राहिले. एका दुपारी मी तिचे केस विंचरत होते. पाठ माझ्याकडे होती. तिथूनच ती बोलली.

"तुझी जोडवी. मला ठावं व्हतं."

माझा हात थांबला. ती म्हणाली, त्यानं चाचीला सांगितलं त्याच घटकेला समजलं, मग तुझ्या पायांतला दोरा पण बघितला.

"मंग बोलली का न्हाईस?"

तिनं गळलेला एक केस बोटाला गुंडाळला.

"तुझा दादला तवा दर्यात व्हता. वारा सुटलेला. मी म्हनू शकले असते, बाय, काढ ती त्याच्या कानातनं, घाल पायात. न्हाय म्हनले मी. वाटलं, एकच ऱ्हायचा असंल, तर माझा ऱ्हाऊ दे."

मी फणी खाली ठेवली. मला राग आला नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. इतका राग मला कधी कुणाचा आला नाही. मी म्हटलं, आणि माझं काय झालं असतं. ती म्हणाली, तुझी मला कधी भीतीच वाटली नाही, तू राहणारी आहेस. मी उठून परसात गेले आणि रडले. तिच्यासाठी नाही, भावासाठीही नाही, पहिल्यांदाच स्वतःसाठी. आणि रडता रडता मला आठवलं, की जोडवी तिनं काढली नव्हती, मी काढली होती. तिनं जे मनात म्हटलं ते मी हातानं केलं होतं, तेही तिच्या आधी.

मग मी तोंड धुऊन आत गेले आणि तिची वेणी पुरी केली. त्या विषयावर आम्ही पुन्हा बोललो नाही. आठवड्यानं नवरा मासळी घेऊन आम्हाला बघायला आला, तेव्हा आईनं अंथरुणातून त्याला हात जोडले. तो बावरला. जावयाला कुणी हात जोडतं का, म्हणाला, आणि तिचे हात धरून खाली ठेवले.

ती त्याच महिन्यात गेली. मुलगा नव्हता म्हणून अग्नी जावयानं द्यायचा ठरलं. मडकं घेऊन तो पुढं चालत होता आणि मी उंबऱ्यातून त्याच्या पाठीकडे बघत होते. आम्ही दोघींनी या माणसाला एकदा पणाला लावलं होतं. तो आईला पोहोचवून, ओल्या कपड्यांनी परत आला, माझ्याजवळ बसला आणि म्हणाला, तुझी आई माझ्यावर फार माया करायची.